आमचे आडनाव : आंबेगावकर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आज मला बोलावयास उभे केले, याबद्दल प्रथम मी चिटणीसांचे आभार मानतो. मी कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण व पुढे शिक्षकाची पदविका, एवढीच माझी शिदोरी. १९७९ साली प्राथमिक शाळेत रुजू झालो आणि जवळजवळ अडतीस वर्षे जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील मुलांना बाराखडी शिकवून निवृत्त झालो. अशा माणसाने विषय घ्यावा तो आपल्या आवाक्यातला. म्हणून मी माझे स्वतःचेच आडनाव विषयासाठी घेतले आहे. ते घेण्यात आत्मस्तुतीचा हेतू नाही. या आडनावाच्या निमित्ताने आपणा सर्वांच्याच घराण्यांविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगता येतील, आणि अखेरीस माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही देता येईल, असा माझा विचार आहे.

आमचे आडनाव आंबेगावकर. आपल्या समाजात हे आडनाव फारसे आढळत नाही. मी लहानपणी आजोबांना विचारीत असे, “आजोबा, आपण जर आंबेगावकर, तर आंबेगावात आपले कोणी का नाही?” आजोबा हसून म्हणत, “अरे, आंबेगावात राहिलो असतो तर आंबेगावकर झालो असतो का?” त्या वयात मला ते कोडे वाटे. पुढे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की, आजोबांनी एका वाक्यात सगळे शास्त्रच सांगून ठेवले होते.

आपल्या महाराष्ट्रात आडनावे अनेक वाटांनी आली. काही वतनावरून व अधिकारावरून आली. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही त्यांतली. काही धंद्यावरून आली, काही एखाद्या पूर्वजाच्या गुणावरून वा खोडीवरून, तर काही गावावरून. गावावरून आलेल्या आडनावास बहुधा ‘कर’ हा प्रत्यय लागतो. तळकोकणात व गोव्यात गावातच नांदणारी घराणीही त्या गावाचे नाव लावतात. परंतु आपल्या देशावर सामान्य रीत अशी की, गाव सोडणाऱ्यालाच गावाचे नाव चिकटते. ज्या गावात सगळेच आंबेगावचे, तेथे एकाला आंबेगावकर म्हणून ओळख पटणार कशी? तो जेव्हा जुन्नरच्या पेठेत जाऊन दुकान मांडतो, तेव्हा शेजारी विचारतात, “हा शिंपी कुठला?” उत्तर येते, “आंबेगावकर.” म्हणजे हे आडनाव पूर्वजांनी धारण केले असे म्हणण्यापेक्षा शेजाऱ्यांनी त्यांना बहाल केले, असे म्हणणे अधिक योग्य होय. ‘कर’ हा प्रत्यय एका अर्थी स्थलांतराचा दाखलाच आहे.

आमच्या घरची आख्यायिकाही अशीच आहे. आजोबांचे आजोबा पाठीवर कापडाचा गठ्ठा व कमरेला कात्री घेऊन बाजार करीत. बंड्या, कोपऱ्या, चोळ्या शिवून द्यावयाच्या, सुगीत धान्य व एरवी मिळतील ते पैसे घ्यावयाचे, असा त्यांचा उदीम. कुटुंब वाढले, गावातील काम पुरेना, म्हणून ते घाट-खोरे सोडून जुन्नरला आले. येथवर घरची सांगी झाली. तिला कागदाचा आधार मिळाला तो असा. मी शिक्षक झाल्यावर एकदा जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर चाळीत असता माझ्या आजोबांची नोंद सापडली. राहणार जुन्नर, मूळ गाव आंबेगाव, आणि आडनावाच्या रकान्यात लिहिले होते ‘शिंपी’. माझ्या वडिलांच्या नोंदीत मात्र ‘आंबेगावकर’ आहे. म्हणजे अवघ्या एका पिढीत, एका मास्तरांच्या बोरूतून आमचे आडनाव कागदावर जन्मास आले!

यात नवल करण्यासारखे काही नाही. आजच्यासारखे ठरीव आडनाव सर्वांपाशी पूर्वी नव्हते. जुन्या मोडी कागदांत बहुजनांची नोंद ‘अमुक बिन तमुक, मौजे अमुक’ अशी येते. बापाचे नाव व गाव एवढ्यावर ओळख पुरी होई. पुढे इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी झाली, शाळा निघाल्या, १८७२ पासून शिरगणती होऊ लागली, कोर्टकचेऱ्या व गिरण्या आल्या. प्रत्येक ठिकाणी रकाना आला, आणि रकाना आला म्हणजे तो भरणे आले. कोणी जात लिहिली, कोणी धंदा, कोणी गाव. लिहिणाऱ्याच्या मनात जे आले ते पुढच्या सात पिढ्यांचे आडनाव झाले.

मात्र माणसाला त्याच्या गावावरून ओळखण्याची चाल काही इंग्रजांनी आणलेली नव्हे. ती पाहावयाची तर आपल्याच जुन्नरच्या डोंगरांत पाहावी. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री येथील लेण्यांतून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. कोणी आपले गोत्र सांगतो. मानमोडीच्या लेखातील नहपानाचा अमात्य अयम हा वत्स गोत्राचा होता. कोणी आपल्या धंद्याची श्रेणी सांगतो. धान्याचे व्यापारी, काशाची भांडी करणारे, वेळूचे काम करणारे, अशांच्या श्रेणींचा उल्लेख तेथे आहे. इरिल, चिट अशी नावे असलेले यवनही त्यांत आहेत. आणि कोणी सांगतो की मी कल्याणचा, कोणी सांगतो मी भरुकच्छाचा, म्हणजे आजच्या भडोचचा. नाणेघाट चढून आलेल्या त्या कल्याणच्या दात्याला आज आपण काय म्हटले असते? ‘कल्याणकर’च म्हटले असते! परगावी गेलेला मनुष्य आपल्या मूळ गावाचे नाव अभिमानाने मिरवतो, ही रीत आपल्या मुलखात इतकी प्राचीन आहे.

आता आपल्या समाजाकडे वळू. ज्यांच्या नावाने आपण स्वतःला ओळखतो, त्या श्रीसंत नामदेव महाराजांचे आडनाव कित्येक तरुणांना ठाऊक नसते. परंपरेने ते ‘रेळेकर’ असे सांगितले जाते. दामाशेटींचे ते चिरंजीव. म्हणजे आपल्या समाजाच्या शिरोमणीचेही आडनाव ‘कर’ प्रत्ययाचे! परंतु जगाने त्यांना रेळेकर म्हणून ओळखले नाही. पंजाबात घुमान येथे त्यांचे स्थान आहे, शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि तेथेही ते नामदेवच आहेत. उलट मध्य प्रदेश व उत्तरेकडील आपले व्यवसायबंधू ‘नामदेव’ हेच आडनाव म्हणून लावतात. एका थोर पुरुषाचे आडनाव मागे पडले, आणि त्याचे नाव हजारो घरांचे आडनाव झाले. यापरते आडनावाचे सार्थक कोणते?

दुसरे उदाहरण आपल्या आंबेगाव तालुक्याचेच आहे. महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू. मुंबईच्या गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. त्यांचे आडनाव सैद. परंतु महाराष्ट्र त्यांना त्यांच्या स्वतःच्या व वडिलांच्या नावानेच ओळखतो. आपण कापडावर पोट भरणारी माणसे. स्वदेशी कापडासाठी प्राण देणाऱ्या या हुतात्म्याचे पूर्ण नाव निदान आपल्या मुलांना तरी ठाऊक असले पाहिजे.

तिसरे उदाहरण जुन्नर तालुक्याचे. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी नारायणगावचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात नेले. आज शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, व त्या नावात आपल्या शेजारचे गाव गुंफलेले आहे. पेशवेकालीन सामाजिक व आर्थिक व्यवहाराचे कागद प्रसिद्ध करणारे इतिहासकार प्राध्यापक रा. वि. ओतूरकर यांच्या आडनावात ओतूर आहे. गाव लहान असो की मोठे, त्याचे नाव दूरवर नेण्याचे काम ही ‘कर’ मंडळी करीत आली आहेत.

आता आंबेगावकर हे आडनाव कोठे कोठे आढळते, हा प्रश्न. येथे मी एक धोक्याची सूचना देतो. आडनाव एक म्हणून घराणे एक, असे समजू नये. आंबेगाव या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. पुण्याजवळ कात्रजच्या अलीकडे हवेली तालुक्यातच आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द अशी दोन आहेत. त्यांपैकी कोणत्याही आंबेगावाहून निघालेले कोणत्याही ज्ञातीचे कुटुंब आंबेगावकर होऊ शकते. रिझर्व्ह बँकेचे एक गव्हर्नर श्री. के. जी. आंबेगावकर होते. १४ जानेवारी ते २८ फेब्रुवारी १९५७ असा अल्पकाळ त्यांनी ते पद भूषविले. तत्पूर्वी वित्तखात्याचे सचिव म्हणून त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवर होती. माझ्या वडिलांपाशी तशी एक नोट होती. ती ते पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवीत, आणि पाहुणा “तुमचे नातलग का?” असे विचारी, तेव्हा प्रामाणिकपणे म्हणत, “नाही हो, नुसते आडनावभाऊ!” हा प्रामाणिकपणा आपण सर्वांनी ठेवावा. नाव सारखे दिसले की थोर पुरुषाला आपल्या वंशवृक्षावर चढविण्याचा मोह आवरला पाहिजे.

मग घराणे एक की दोन हे ओळखावे कसे? कुलदैवत कोणते, देवक कोणते, कुलाचार कोणता, हे आधी पाहावे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी स्वहस्ते वा सांगून केलेल्या नोंदी असतात. तेथे मूळ गाव आवर्जून लिहिलेले असते. तहसील कचेरीत जुने जन्ममृत्यूचे रजिस्टर, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते पाहावे. शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. जमिनीचे फेरफार पाहावेत. मोडी वाचता येत नसेल तर जाणत्याकडून वाचून घ्यावे. एवढे केले म्हणजे चारपाच पिढ्यांचा माग बहुधा लागतो.

बंधुभगिनींनो, आता माझ्या आडनावातील गावाविषयी दोन शब्द सांगतो. तालुक्याचे नाव आंबेगाव असले तरी कचेरी घोडेगावी आहे, हे आपण जाणताच. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ आंबेगाव आज कोठे आहे? ते पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. २००० सालाच्या सुमारास ते पूर्णत्वास गेले. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे, आणि त्याच जलाशयाने आंबेगावचे जुने गावठाण पोटात घेतले. त्या पाण्यावर आज खालच्या मुलखात ऊस उभा आहे, द्राक्षे पिकतात, घराघरांत सुबत्ता आली आहे. ती कोणी नाकारू नये. पण ज्यांची घरे गेली त्यांचे ऋणही कोणी विसरू नये. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे जुन्या मंदिरांचे अवशेष वर येतात. एका वैशाखात मी नातवाला घेऊन तेथे गेलो होतो. चिखलाच्या भेगा पडलेल्या, मध्येच घडीव दगड. नातू म्हणाला, “आजोबा, आपले घर कोणते?” मी काय दाखविणार? मी म्हणालो, “बाळा, आपले घर आता आपल्या नावात आहे.” तो दिवस मी विसरलो नाही. गाव जेथे होते तेथे आज वस्ती नाही, पण त्याचे नाव आमच्या दारावरील पाटीवर आहे, तोवर ते पुरते बुडाले असे मी म्हणणार नाही.

आणि म्हणूनच जी चूक सांगावयाची आहे ती मला अधिक बोचते. १९८३ सालची गोष्ट. मी तेव्हा तरुण होतो, सुधारकी विचारांचा होतो. आपल्याच समाजातील एक गृहस्थ मुलाला शाळेत घालावयास आले. आडनाव विचारता त्यांनी ‘शिंपी’ सांगितले. मला वाटले, मुलाच्या कपाळावर जात कशाला कोरावयाची? मी त्यांना त्यांचे मूळ गाव विचारले आणि त्यापुढे ‘कर’ लावून मुलाचे नाव रजिस्टरात लिहून टाकले. ते गृहस्थ भिडस्त, मास्तरांच्या पुढे काय बोलणार? मला तर आपण पुण्यकर्म केले असेच वाटले. थोरल्या मुलाची नोंद आधीच्या गुरुजींनी ‘शिंपी’ अशी केलेली आहे, हे मी पाहिलेच नाही. एका घरात दोन सख्खे भाऊ दोन आडनावांचे झाले.

त्याचे फळ २०१७ साली दिसले. त्या धाकट्या मुलाची कन्या हुशार निघाली. उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वडिलोपार्जित पुरावा लागतो. तिच्या आजोबांची जुनी नोंद उत्तम होती. पण आजोबा ‘शिंपी’, चुलते ‘शिंपी’, आणि वडील मात्र वेगळेच. हे सर्व एकाच कुळातील, हे सिद्ध कसे करावयाचे? वंशावळ झाली, प्रतिज्ञापत्रे झाली, खेटे झाले. मुदत टळली आणि मुलीचे एक वर्ष वाया गेले. तिचे वडील माझ्याकडे आले ते रागावून नव्हे. ते म्हणाले, “गुरुजी, हे नाव तुम्ही लिहिलेत, एवढे लिहून द्या.” मी माझ्या हाताने लिहून दिले की, ही नोंद माझी, चूक माझी, मुलगा त्याच घरचा. पुढील वर्षी तिला प्रमाणपत्र मिळाले व प्रवेशही मिळाला. आज ती मुलगी आपल्या पायावर उभी आहे आणि तिचे वडील या सभेत बसले आहेत. त्यांच्या अनुज्ञेनेच मी हे सांगतो आहे. परंतु ते गेलेले वर्ष मी परत देऊ शकत नाही. माझा हेतू चांगला होता, असे मी स्वतःला पुष्कळ समजाविले. पण दुसऱ्याच्या घराचे नाव त्याला न विचारता बदलण्याचा अधिकार चांगल्या हेतूने मिळत नाही, हे मला उतारवयात कळले.

माझ्या आजोबांचे आडनाव ‘शिंपी’ लिहिले गेले होते, हे मी आरंभी सांगितले. त्या एका शब्दाने पुढे आमच्या घरातील मुलांची प्रमाणपत्रे सुलभ झाली. ज्या शब्दाची मला तरुणपणी लाज वाटे, तोच आमचा भक्कम पुरावा ठरला! पण येथेही विवेक पाहिजे. ज्याला जातिवाचक आडनाव नको असेल त्याने ते अवश्य बदलावे. शासनाच्या राजपत्रात रीतसर प्रसिद्धी देऊन बदलावे, घरातील सर्वांनी मिळून बदलावे, आणि जुन्या नोंदीची प्रत जपून ठेवावी. कारकुनाच्या वा मास्तरांच्या लहरीवर ते सोडू नये.

आता शेवटच्या तीन विनंत्या करून आपला निरोप घेतो.

पहिली विनंती अशी की, आडनावाचे इंग्रजी लेखन घरात एकच ठेवावे. आमच्याच घरात आंबेगावकर हे तीन प्रकारांनी लिहिलेले आढळले. एकात ‘न’ आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात ‘व’ आला आहे! मराठीत एक असलेली भावंडे पारपत्रावर परकी होतात.

दुसरी, वंशावळीत आपल्या लेकीसुनांची नावे माहेरच्या आडनावासह लिहावीत. आपल्या जुन्या वंशावळी पाहिल्या तर त्यांत आई नाहीच. जणू मुले झाडावरून पडली! शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव घालण्याचे ठरविले आहे. शासनाला जे सुचले ते आपल्या मंडळाच्या कुटुंबपत्रकातही असावे. एका ओळीत आजोळचे गाव लिहिण्यास किती शाई लागते?

तिसरी विनंती तरुणांना. या मेळाव्याला आलेल्या वृद्धांपाशी आज संध्याकाळीच बसा. मूळ गाव कोणते, ते का सोडले, वाटेत कोठे राहिलो, कुलदैवत कोणते, हे चार प्रश्न विचारा व उत्तरे तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहा, कागदावरचे ते कागदावरचे म्हणून लिहा. दोन्हींची सरमिसळ करू नका. मी आजोबांना आणखी दहा प्रश्न विचारावयास हवे होते. तेव्हा मी खेळात दंग होतो, आणि मला सवड झाली तेव्हा आजोबा नव्हते.

आपण कापड जोडणारी माणसे. दोन तुकडे जोडताना शिवण कोठून घातली हे आतल्या बाजूने नीट दिसते. आडनाव हीही तशी आतली शिवण आहे. ती उसवू नये आणि कोणी उसवली असेल तर वेळीच दुरुस्त करावी, एवढेच या जुन्या मास्तराचे मागणे आहे.

  जय विठ्ठल.